खिडकीचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याची वाट : खरवईच्या निमित्ताने वायुवीजनाच्या निकषांची चिकित्सा

१

इमारतीच्या गुणदोषांची चर्चा करताना तिचे रूप, तिची मजबुती व तिचा खर्च यांचा विचार सामान्यतः केला जातो. तिच्यात हवा कशी खेळते, हा प्रश्न मात्र बहुधा एका अपूर्णांकात मिटविण्यात येतो. खोलीच्या जमिनीच्या अमुक एका हिश्श्याइतकी खिडकी ठेवली की वायुवीजनाचे कर्तव्य पार पडले, असे नकाशा काढणारा समजतो, नकाशा मंजूर करणारा समजतो आणि घर विकत घेणाराही समजतो. हा समज कितपत खरा आहे, याची तपासणी करण्यास ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील खरवई हे स्थळ फार सोयीचे आहे. बदलापूरच्या पूर्व भागातील हे मूळचे खेडे आज वाढते शहर आणि औद्योगिक वसाहत या दोहोंच्या मध्ये सापडले आहे. कौलारू घर, सदनिकांची इमारत आणि कारखान्याची शेड अशी वायुवीजनाची तीन निरनिराळी शास्त्रे या परिसरात एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या अंबरनाथ व उल्हासनगर या गावांत आणखी दोन नमुने आहेत. तुलनेला लागणारी सामग्री अशी एकाच टापूत मिळते.

प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा एकच आहे. हवेच्या बाबतीत इमारतीचे एकक भोक नसून वाट आहे. आणि वाटेला दोन टोके असतात. ज्या निकषात एकाच टोकाची मोजदाद होते, तो निकष काटेकोरपणे पाळूनही घर कोंदट राहू शकते. ते कोंदट राहिले म्हणून त्यात यंत्र बसविले, तरी त्या यंत्रालाही दुसरे टोक लागतेच. मराठी बोलीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली दिसते. चांगल्या घराचे वर्णन करताना ‘खेळती हवा’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. खेळणे म्हणजे येणे आणि जाणे. नियमाने मात्र येण्याचे दार मोजले व जाण्याचे दार गृहीत धरले.

२

क्षेत्रफळाच्या निकषाचा उगम ध्यानात घेतल्यावाचून त्याच्यावर टीका करणे न्याय्य होणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या वस्तीतील अंधार व कोंदटपणा हे रोगाचे सोबती आहेत, ही जाणीव त्या काळच्या कारभारात नियमाच्या रूपाने उतरली. ट्रस्टने स्वीकारलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. इमारतीची उंची तिच्या समोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले, त्यात हाच विचार केंद्रस्थानी होता.

उजेड आणि हवा या दोन शब्दांची जोडी तेव्हापासून नियमांत कायमची बसली. सोयीच्या दृष्टीने ती ठीक होती. शास्त्राच्या दृष्टीने ती फसवी ठरली. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन हा मूलतः उजेडाचा कोन आहे. उजेड सरळ रेषेत येतो, भिंतीवर पडतो आणि तेथेच त्याचे काम संपते. त्याला खोलीतून बाहेर जाण्याची वाट लागत नाही. हवेचे तसे नाही. आत आलेल्या हवेइतकीच हवा बाहेर गेल्याखेरीज आणखी हवा आत येऊ शकत नाही. उजेडासाठी तयार केलेली मोजपट्टी हवेला लावण्यात आली, येथेच पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

१९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे १९८३, २००५ व २०१६ साली सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परंपरेत ही मोजपट्टी हवामानानुसार विभागली गेली. खोलीच्या जमिनीच्या प्रमाणात खिडक्यांचे किमान क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात एक-दशांश, मध्यम हवामानात एक-अष्टमांश आणि उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे, असे ते प्रमाण आहे. खरवई कोकणपट्टीत येत असल्यामुळे येथे एक-षष्ठांश लागू पडतो. २०१८ सालच्या इको-निवास संहितेने दमट हवामानासाठी १६.६६ टक्के हा जो आकडा दिला, तो याच अपूर्णांकाचे दशांश रूप होय. तिने एक मोलाची गोष्ट केली. खिडकीचा प्रत्यक्ष उघडणारा भाग किती, हे तिने खिडकीच्या जातीप्रमाणे ठरवून दिले. बिजागरीच्या झडपांची खिडकी ९० टक्के उघडते, तर दोन काचांची सरकती खिडकी ५० टक्केच उघडते. भोकाची मोजणी यामुळे प्रामाणिक झाली, यात शंका नाही. परंतु मोजणी भोकाचीच राहिली.

ही उणीव किती मोठी आहे, हे साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एका खोलीला वाऱ्याच्या बाजूस १ चौरस मीटर खिडकी आहे आणि विरुद्ध बाजूस हवा बाहेर जाण्यासाठी ०.१ चौरस मीटरची फट आहे. एकामागोमाग असलेल्या दोन भोकांचे परिणामी क्षेत्रफळ काढताना प्रत्येकाच्या क्षेत्रफळाच्या वर्गाचा व्यस्त घेऊन त्यांची बेरीज करतात आणि त्या बेरजेवरून उलट हिशेब करतात. येथे ते सुमारे ०.०९९५ चौरस मीटर येते. आता खिडकी दुप्पट केली, तर ते ०.०९९९ चौरस मीटर होते. म्हणजे वाढ अर्धा टक्काही नाही. खिडकी होती तेवढीच ठेवून फट दुप्पट केली, तर ते ०.१९६ चौरस मीटर होते. म्हणजे वारा जवळजवळ दुपटीने वाहतो. वाटेची क्षमता तिच्या अरुंद टोकावर ठरते. नियम ज्या टोकाची चौकशी करतो ते रुंद टोक आहे. ज्या टोकावर घराची हवा अवलंबून आहे, त्याची चौकशी होत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत या विषयावर दीर्घकाळ संशोधन झाले. निवासी इमारतींच्या नैसर्गिक वायुवीजनासंबंधीचे भारतीय मानक ३३६२ हे १९६५ साली निघाले व १९७७ साली सुधारण्यात आले. १९८७ सालच्या एस.पी. ४१ या पुस्तिकेत हाच विचार अधिक विस्ताराने आला. वारा येण्याची भोके वाऱ्याच्या बाजूस खालच्या पातळीवर आणि जाण्याची भोके विरुद्ध बाजूस ठेवावीत, असे मार्गदर्शन या परंपरेत स्पष्ट आहे. येणारी व जाणारी अशी सर्व भोके मिळून जमिनीच्या २० ते ३० टक्के असली, तर घरातील वाऱ्याचा सरासरी वेग बाहेरच्या सुमारे ३० टक्के असतो. आणि अत्यंत अनुकूल परिस्थितीतही तो ४० टक्क्यांपलीकडे जात नाही, हेही तेथे सांगितलेले आहे. सारांश, ज्ञान उपलब्ध आहे. परंतु ते सल्ल्याच्या प्रकरणात राहिले आणि अपूर्णांक तेवढा सक्तीच्या प्रकरणात गेला. नकाशा मंजूर होताना सल्ला वाचला जात नाही, अपूर्णांक तपासला जातो.

३

या दृष्टीने जुन्या नमुन्यांकडे पाहता त्यांच्यासंबंधीचा प्रचलित गोड समजही तपासून घ्यावा लागतो. कोकणातील कौलारू घरात हवा उत्तम खेळते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अंशतः खरे आहे. पुढची पडवी, मधले माजघर आणि परसाकडचे दार ही एका रेषेत आली की वाऱ्याला आडवी वाट मिळते. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा व धूर बाहेर पडतो, म्हणजे उभी वाटही मिळते. कुडाची भिंत स्वतःच थोडी झिरपती असते. अशा घरात खिडक्या मोजल्या तर त्या एक-षष्ठांशाच्या जवळपासही येणार नाहीत. तरी वाट मोजली तर ती आढ्यापर्यंत मोकळी सापडते. केवळ क्षेत्रफळाच्या निकषावर हे घर नापास होईल, आणि निकषाचे अपुरेपण दाखविण्यास एवढे पुरेसे आहे.

परंतु म्हणून हे घर आदर्श ठरत नाही. चुलीचा धूर कौलांतून जातो खरा, पण तो जाण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांतून व छातीतून जातो. धुराची उभी वाट आढ्याशी आहे आणि चूल जमिनीशी आहे. मधल्या सात-आठ हातांत माणसे बसतात. वाट असणे आणि ती श्वास घेणाऱ्या माणसाला टाळून जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या घराचे गुणगान करणाऱ्या लेखनात हा भेद क्वचितच आढळतो.

उल्हासनगरचा नमुना वेगळ्या अर्थाने बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेली लांबट बराक ही कल्पना म्हणून वायुवीजनाचा चांगला नमुना आहे: रुंदी थोडी, दोन्ही लांब बाजूंस खिडक्या आणि मध्ये अडसर नाही. तीच बराक कुटुंबांसाठी विभागताना पडदी कोणत्या दिशेने घातली, यावर सर्व काही ठरते. पडदी रुंदीच्या दिशेने घातली तर प्रत्येक कुटुंबाला समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या मिळतात. ती लांबीच्या दिशेने घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच बाजू येते. दोन्ही प्रकारांत खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. अपूर्णांक बदलत नाही. घर मात्र बदलते.

अंबरनाथचे शिवालय या चर्चेत अनपेक्षित वाटेल, परंतु एका गैरसमजाच्या निरसनासाठी त्याचा उपयोग आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळे ज्याचा काळ निश्चित झाला आहे, त्या या मंदिराचा गाभारा मंडपापासून सुमारे वीस पायऱ्या खाली आहे आणि शिखर अपूर्ण राहिल्यामुळे तो वरून उघडा आहे. वर आकाश मोकळे असले म्हणजे हवा आपोआप वर जाईल, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः उन्हाळ्याच्या दुपारी दगडी गाभाऱ्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड व म्हणून जड असते. ती तळाशी स्वस्थ पडून राहते. उंची ही हवेला चालना देणारी शक्ती नव्हे. उंचीबरोबर तापमानातील फरक लागतो, आणि तळाशी हवा आत येण्याची सोयही लागते. गाभाऱ्यात ही शांतता शोभते. तीच शांतता खरवईच्या नव्या इमारतीच्या डक्टमध्ये अवतरते, तेव्हा तिचा अर्थ निराळा होतो.

४

खरवई, कात्रप, शिरगाव या बदलापूर पूर्वेकडील भागांत गेल्या काही दशकांत ज्या सदनिका उभ्या राहिल्या, त्यांची एक सर्वसाधारण मांडणी आहे. पुढील वर्णन कोणत्याही एका इमारतीचे नसून त्या मांडणीचे आहे. मधल्या जिन्याभोवती चार किंवा अधिक सदनिका. प्रत्येक सदनिकेची एक, फार तर दोन बाजू बाहेरच्या हवेला लागलेल्या. उरलेल्या बाजूंस शेजारी, जिना किंवा डक्ट. बैठकीच्या व झोपण्याच्या खोलीला सरकत्या काचांची खिडकी. न्हाणीघर व शौचकूप यांना डक्टमध्ये उघडणारी काचपट्ट्यांची झडप. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा. खिडकीच्या क्षेत्रफळाचा नियम येथे पाळलेला असतो. वाट मात्र शोधावी लागते.

दिवसा खोल्यांची दारे उघडी असताना वाट सापडते. रात्री झोपण्याच्या खोलीचे दार लावले की ती बंद होते. पूर्वीच्या चाळींत व जुन्या इमारतींत दारावर एक लहान झडप असे. दार लावले तरी हवेला वरून जाता येई. छत खाली आले, खोली वातानुकूलित करण्याची इच्छा वाढली आणि ही झडप नव्या मांडणीतून नाहीशी झाली. तिचा उल्लेख कोणत्याही अपूर्णांकात नसल्यामुळे तिच्या जाण्याची नोंदही कोठे झाली नाही.

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. सुमारे २५ घनमीटर आकाराच्या बंद खोलीत दोन प्रौढ माणसे झोपली, तर त्यांच्या श्वासातून तासाला सुमारे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे फटींतून होणारी गळती सोडली, तर त्या वायूचे प्रमाण दर तासाला दहा लाखांत सुमारे एक हजार भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते आज सुमारे ४२० भाग आहे. जर्मन शास्त्रज्ञ पेटेनकोफर याने १८५८ साली राहत्या खोलीसाठी एक हजार भागांची मर्यादा सुचविली होती. ती राखावयाची तर या खोलीला तासाला सुमारे ४३ घनमीटर ताजी हवा हवी. हा वायू या प्रमाणात स्वतः फारसा घातक नाही. परंतु तो शेजाऱ्याने टाकलेल्या श्वासाचे माप आहे. त्या श्वासात खोकल्याचे कण असले, तर ते माप रोगाचेही होते. मुंबईत गोवंडी–मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींची जी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तिने खेटून उभ्या केलेल्या इमारतींतील हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. खालच्या मजल्यांवरील रहिवाशांना त्याची झळ अधिक होती. २०२१ सालच्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या संदर्भात वायुवीजनाची जी मार्गदर्शिका काढली, तिने सार्वजनिक जागांसाठी दर माणशी सेकंदाला १० लिटर हवेचा आकडा दिला. हवा चौरस मीटरात न मोजता माणशी लिटरमध्ये मोजावी, हे त्या निमित्ताने पुन्हा एकदा मान्य झाले.

या ठिकाणी यंत्राचा प्रवेश होतो. छताचा पंखा, एक्झॉस्ट पंखा आणि वातानुकूलन यंत्र ही तिन्ही वायुवीजनाची साधने म्हणून एकाच दमात सांगितली जातात. त्यांतील छताचा पंखा हवा हलवितो, बदलीत नाही. दमट हवेत घाम वाळविण्यास त्याचा फार उपयोग आहे, पण त्याने खोलीत एक लिटरही नवी हवा येत नाही. घरगुती स्प्लिट वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करते. त्याचा बाहेरचा भाग उष्णता टाकतो, हवा टाकीत नाही. तिघांपैकी एकट्या एक्झॉस्ट पंख्याला वायुवीजनाचे यंत्र म्हणता येईल, आणि नेमका तोच अपुऱ्या विचाराने बसविला जातो.

स्वयंपाकघरातील पंखा तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर टाकतो असे धरले, तर सुमारे १०० घनमीटर आकाराच्या लहान सदनिकेतील हवा तो तासाला तीन वेळा बदलू शकेल. परंतु तेवढीच हवा कोठून तरी आत यावी लागते. खिडक्या उघड्या असतील तर प्रश्न नाही. खिडक्या बंद असतील तर घरातील दाब किंचित उतरतो आणि हवा सर्वांत सुलभ फटीतून येते. ही फट बहुधा न्हाणीघराची डक्टकडील झडप असते. त्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्याचे शौचकूप उघडते. पुष्कळदा स्वयंपाकघरांचे पंखेही त्यातच सोडलेले असतात. अशा रीतीने स्वयंपाकाचा वास घालविण्यासाठी लावलेले यंत्र शेजाऱ्याची टाकाऊ हवा घरात ओढते. दोष यंत्राचा नव्हे. यंत्राला जाण्याची वाट दिली आणि येण्याची दिली नाही, हा दोष आहे. म्हणजे खिडकीच्या नियमात जी चूक झाली, तीच येथे उलट बाजूने घडते.

डक्टची स्थिती याहून समाधानकारक नाही. संहिता इमारतीच्या उंचीप्रमाणे त्याचे किमान क्षेत्रफळ व किमान रुंदी सांगते. पण डक्ट चालतो तो उंची आणि तापमानातील फरक यांच्या गुणाकाराने: दर मीटर उंचीस व दर अंश फरकास सुमारे ०.०४ पास्कल दाब मिळतो. २० मीटर उंचीचा डक्ट आतून बाहेरपेक्षा २ अंश गरम असेल तर १.६ पास्कल दाब निर्माण होतो. सेकंदाला २ मीटर वेगाचा मंद वारा भिंतीवर सुमारे २.४ पास्कल दाब देतो, हे लक्षात घेता डक्टची शक्ती अगदीच क्षुल्लक नव्हे. पण ती मिळण्यासाठी तळाशी बाहेरची हवा आत येण्याचे द्वार पाहिजे. तळ बंद आणि वर पावसासाठी पत्रा टाकलेला, अशी स्थिती असली तर ती वाट न राहता पेटी होते. उन्हाळ्याच्या दुपारी सावलीतील डक्टची हवा बाहेरच्यापेक्षा थंड असली म्हणजे अंबरनाथच्या गाभाऱ्याप्रमाणेच ती तळाशी बसून राहते.

५

खरवईच्या औद्योगिक वसाहतीत प्रश्न निराळे रूप घेतो. कारखान्याच्या वायुवीजनासंबंधी १९४८ चा कारखाना अधिनियम इमारतीच्या नियमांपेक्षा अधिक विचारी होता, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या १३ व्या कलमात ताज्या हवेच्या अभिसरणाने पुरेसे वायुवीजन व्हावे असे म्हटले होते. ‘अभिसरण’ या शब्दात येणे व जाणे दोन्ही आले. १४ व्या कलमात धूळ व धूर यांचा बंदोबस्त त्यांच्या उगमाशी, शक्य तितक्या जवळ शोषण-योजना करून व्हावा असे सांगितले होते. १६ व्या कलमात दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा मागितली असून जमिनीपासून ४.२ मीटरांवरील पोकळी त्या हिशेबात धरू नये असे बंधन घातले होते. शेडची उंची दाखवून दाटीचे समर्थन करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

व्यवहारात मात्र वायुवीजन म्हटले की शेडच्या छपरावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर, असे समीकरण रूढ झाले आहे. भट्टी किंवा बाष्पपात्र असलेल्या शेडमध्ये ते उपयोगी असते, कारण तेथे उष्ण हवा वर जाते. रासायनिक द्रावकांच्या बाबतीत परिस्थिती भिन्न आहे. अॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट आणि टोल्यूइनची वाफ तिप्पट जड असते. सांडलेल्या वा उघड्या पिंपातून निघणारी दाट वाफ प्रथम जमिनीलगत पसरते. खड्ड्यात, गटारात व वाकून काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाशी ती साचते. छपरावरचा व्हेंटिलेटर फिरताना बाहेरून दिसतो. वाफ मात्र त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच आपले काम करून जाते. येथेही निकष एकच लागतो: यंत्र आहे की नाही हे नव्हे, तर हवेची वाट कामगाराच्या श्वासाच्या बाजूने जाते की त्याच्यापासून दूर जाते.

आणि उगमाशी शोषून घेतलेली वाफ पुढे कोठे जाते? अधिनियम कारखान्याच्या आतील माणसाचा विचार करीत असे. बाहेर टाकलेल्या हवेचा विचार प्रदूषणाच्या कायद्याकडे सोपविलेला आहे. इमारतीचे नियम खिडकीपाशी थांबतात आणि बाहेरची हवा स्वच्छ आहे असे धरून चालतात. खरवईत हे दोन्ही गृहीतांश एकमेकांसमोर येतात. एका इमारतीचे जाण्याचे टोक हे दुसऱ्या इमारतीचे येण्याचे टोक होते.

६

बदलापूरच्या नैर्ऋत्येकडे मलंगगड, चंदेरी व माथेरानची डोंगररांग आहे आणि पूर्वेकडे सह्याद्री आहे. दुपारी समुद्राकडून येणारा वारा शहरावरून पूर्वेकडे जातो. थंडीच्या रात्री व पहाटे जमिनीवरचा मंद वारा उलट दिशेने, डोंगराकडून खोऱ्यात उतरतो. निरभ्र व शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि तीत मिसळलेले वायू पांगत नाहीत. म्हणजे ज्या वेळी माणसे झोपलेली असतात व खिडकी उघडी ठेवण्याची गरज अधिक असते, त्याच वेळी बाहेरची हवा सर्वांत कमी विश्वासार्ह असते. ३ जून २०२१ रोजी रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यातून वायुगळती झाली आणि परिसरातील रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले. अशा रात्री एक-षष्ठांश खिडकी हे संरक्षण नसून धोक्याचे द्वार असते. रहिवासी खिडकी लावून घेतो, आणि ती लावताच घरातील कोंदटपणाचा सारा हिशेब पुन्हा सुरू होतो. उष्मा आणि उग्र वास यांतून एकाची निवड करण्यास त्याला भाग पाडणे, याला वायुवीजन म्हणता येणार नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, क्षेत्रफळ मोजता येते, वाट मोजता येत नाही. आणि नगरपरिषदेच्या अभियंत्याला मोजता येईल असाच नियम हवा. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वाटते तेवढे नाही. नकाशावर प्रत्येक राहत्या खोलीच्या खिडकीपासून दुसऱ्या बाजूच्या बाह्य भोकापर्यंत एक रेषा काढावी. ती ज्या ज्या दारांतून जाते, त्यांवर झडप आहे की नाही ते पाहावे. आणि त्या रेषेवरील सर्वांत अरुंद भोकाचे क्षेत्रफळ लिहावे. ही मोजणी शालेय भूमितीच्या पलीकडची नाही. डक्टच्या तळाशी द्वार आहे काय आणि एक्झॉस्ट पंख्याला हवा कोठून मिळते, हे दोन प्रश्नही नकाशावरूनच सुटतात. दुसरा आक्षेप असा की, बाहेरची हवा जेथे दूषित आहे तेथे नैसर्गिक वायुवीजनाचा आग्रह व्यर्थ असून गाळलेली हवा यंत्राने आत घ्यावी हेच योग्य. काही इमारतींच्या बाबतीत, विशेषतः रुग्णालये व शाळा यांच्या बाबतीत, हे मान्य करावे लागेल. परंतु हा उपाय सर्वांसाठी म्हणून स्वीकारला, तर हवा ही विजेच्या बिलाप्रमाणे ज्याच्या त्याच्या ऐपतीची गोष्ट होईल. आणि कौलारू घरातील रहिवाशाला त्यात स्थानच उरणार नाही, कारण त्याच्या छपराच्या फटी गाळणीचे ऐकत नाहीत.

नैसर्गिक विरुद्ध यांत्रिक असा जो वाद या विषयात मांडला जातो, तो या विवेचनानुसार दुय्यम ठरतो. वारा असो की पंखा, दोघांनाही दोन टोके लागतात. इमारतीची परीक्षा करताना म्हणून तीन प्रश्न विचारावयास हवेत: हवा कोठून येते, ती कोणाच्या श्वासाजवळून जाते, आणि बाहेर पडून कोणाच्या दारात जाते. कौलारू घर पहिल्या प्रश्नास चांगले उत्तर देते आणि दुसऱ्यास अडखळते. खरवईची सदनिका पहिल्याच प्रश्नास अर्धे उत्तर देते. कारखान्याची शेड दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देणे लागते, आणि तिसऱ्याचे उत्तर देताना ती शेजारच्या सदनिकेकडे बोट दाखविते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका इमारतीच्या नकाशात सापडणार नाही. ते वसाहतीच्या आराखड्यात, कारखाना व घर यांच्यामधील अंतरात आणि धुराड्यावरील देखरेखीत शोधावे लागेल. वास्तुविचाराने तोपर्यंत निदान पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अपूर्णांकामागे लपवू नयेत.